मंडळवाल्यांनो, यंदा गल्लीत एक पडदा लावा

प्रति,
अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि गळ्यात बॅज घालून फिरणारे समस्त कार्यकर्ते,
सार्वजनिक गणेशोत्सव, मस्कऱ्या गणपती, दुर्गोत्सव आणि मारबत-बडग्या मंडळं, नागपूर

स.न.वि.वि.

भाऊ, तुम्हाला पत्रं येतात ती बहुतेक तक्रारीची. रस्ता अडवला, आवाज वाढवला, वर्गणीसाठी दारात ठाण मांडलं. माझं पत्र त्या गठ्ठ्यात टाकू नका. वर्गणी मी दरवर्षी देते, पावती मागून घेते आणि पावतीवर नाव चुकलं तरी कुरकुर करत नाही. मला बोलायचंय ते कलेबद्दल. हसा, पण वाचा.

या शहरातल्या साध्या माणसाला वर्षभरात मूर्ती, चित्र, गाणं, नाच, नकला असं जे काही बघायला-ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं तुमच्या हातून मिळतं. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं सभागृह आहे, रेशीमबागेत 2017 पासून सुरेश भटांच्या नावाचं आहे, अजब बंगला, म्हणजे आपलं संग्रहालय, तर 1863 सालचा. मला या जागांचा अभिमानच आहे. ज्या गावात वसंतराव शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले, तिथं त्यांच्या नावाची वास्तू असायलाच हवी. पण तिकडं जायचं तर आधी ठरवावं लागतं. दुकान लवकर बंद करा, साडी बदला, कुणाच्या तरी ओळखीनं पास मिळवा, परतताना ऑटो शोधा. तुमच्या मंडपापुढे मात्र बाई दळणाचा डबा काखेत घेऊन उभी राहते आणि अर्धा तास हलत नाही. म्हणून सभागृहवाल्यांना सोडून तुम्हाला लिहिते आहे.

मी महालात फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. या कामात हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान तेवढे रिकामे. त्यामुळे दुकान उघडलं की आधी रेडिओ, मग मशीन. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 सालचं, विविध भारती 1957 ची. आधी माझी सासू या मशीनवर बसायची तेव्हाही हेच चालायचं, फक्त रेडिओचं खोकं मोठं होतं. पायमशीन आपोआप गाण्याच्या ठेक्याला लागतं. चाल उडती असली तर ब्लाऊज वेळेआधी होतो. दुपारी कुणी विलंबित ख्याल लावला की गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, ताई, उद्या या.

मध्यंतरी मुलीनं फोनवर गाणी लावून दिली. काही दिवस ऐकली आणि परत रेडिओकडे वळले. फोन विचारतो, कोणतं गाणं पाहिजे? मला काय ठाऊक कोणतं पाहिजे ते! एकदा एक सांगितलं की तो त्याच्या जातीची आणखी पन्नास काढतो आणि दिवसभर तेच दळण. रेडिओवर सिनेमातल्या गाण्यानंतर कधी गोंधळ लागायचा, कधी सतार, कधी कुठल्या तरी खेड्यातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या. यातलं एकही मी आपणहून मागितलं नसतं. माझा कान जो काही तयार झाला, तो या न मागितलेल्या गाण्यांवर.

तुमचा मंडपही माझ्या लेखी तसाच आहे. तिथं काय दिसणार, काय ऐकू येणार हे बघणाऱ्यानं ठरवलेलं नसतं. आता प्रत्येकाच्या हातात ज्याचा त्याचा सिनेमा आहे. आमच्याच घरात रात्री चार माणसं चार वेगवेगळ्या गोष्टी बघत बसतात. सगळ्या गल्लीनं एकाच वेळी एकच गोष्ट बघायची, तीसुद्धा न मागता समोर आलेली, अशी जागा तुमच्याशिवाय दुसरी कुठली राहिली आहे ते मला सांगा. एवढी मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तुम्ही ती बैठकीत पाच मिनिटांत उरकता. मंडपवाला, लायटिंगवाला, डीजेवाला, झालं.

मी लहान होते तेव्हा मंडळं रस्त्यावर पडदा लावून पिक्चर दाखवायची. दोन विजेच्या खांबांच्या मधे पांढरं कापड, मशीनवाला एका स्टुलावर, आणि रीळ संपलं की दिवा लावून दुसरं चढवेपर्यंत पोरांचा नुसता कल्ला. पुढच्या बाजूच्या सतरंज्या लवकर भरायच्या. आमच्या घरच्या बाया भांडी घासून, उद्याचं पीठ भिजवून निघायच्या, तोवर पुढं जागा नसायची. मग आम्ही पडद्याच्या मागं बसायचो. मागून बघितलं की सगळं उलटं. पाट्या वाचता यायच्या नाहीत, हिरो डाव्या हातानं ठोसे मारायचा, घड्याळ उजव्या मनगटावर. हिरॉइनचा पदर उजव्या खांद्यावर! पुढं कधीतरी टॉकीजमध्ये तोच पिक्चर समोरून पाहिला तेव्हा तिचा पदर डाव्या खांद्यावर बघून मला वाटलं, हिनं साडी चुकीची नेसली. आज मी कुणाचाही ब्लाऊज बेतताना पदर कुठल्या खांद्यावरून जाणार हे आधी बघते, ती सवय तिथली असेल. सिनेमाकडे कपड्याच्या अंगानं बघायचं मला त्या मागच्या बाजूनं शिकवलं.

टॉकीजचं म्हणाल तर नागपुरात पत्ता अजून टॉकीजच्या नावानंच सांगतात. लिबर्टी टॉकीज चौक, अलंकार टॉकीजच्या पुढं, पंचशील चौक. आता मॉलमध्ये जायचं म्हणजे चौघांची तिकिटं, वर मक्याच्या लाह्या, की महिन्याचं वीजबिल निघतं. सरकारनं 2015 साली मल्टिप्लेक्सवाल्यांना दुपारी 12 ते रात्री 9 या वेळात मराठी चित्रपट लावायला सांगितलं, चांगलंच केलं. पण शुक्रवारी आलेला मराठी पिक्चर माझी लग्नसराईची ऑर्डर संपेपर्यंत गेलेला असतो. तुमच्या गल्लीतल्या पडद्यावर येईल तेवढाच माझा, असा साधा हिशेब आहे.

आता मूर्तीकडे येते. चितारओळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ऑर्डर द्यायला तुम्हीच जाता. पण ऑर्डर देणं वेगळं आणि बघत उभं राहणं वेगळं. माझं दुकान तिथून लांब नाही. पोळ्याच्या आधी तिथल्या ओसऱ्यांवर तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगत असतात आणि आतल्या अंधारात गणपती उभे राहत असतात, तेव्हा मी दोरा आणायला म्हणून निघते आणि तिकडून वळसा घेते. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर सुतळीनं करकचून बांधलेली तणस, त्यावर जाड माती, मग कापडातून गाळलेली मऊ माती. वाळताना भेगा पडतात, त्या ओल्या फडक्यानं एकेक बुजवायच्या. पांढऱ्या रंगाचा एक हात, मग अंगाचा रंग, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. एक म्हातारे मूर्तिकार आखणी करताना बघितलेत मी. रस्त्यावर ऑटोवाल्यांची भांडणं चालली होती. त्यांनी श्वास धरला, कुंचला एकदाच फिरवला आणि श्वास सोडला. दुसरा डोळा काढायच्या आधी ते बराच वेळ नुसते पहिल्याकडे बघत बसले. नंतर मला म्हणाले, “पहिला डोळा आपल्या मर्जीचा असतो बाई, दुसरा त्याच्या.”

त्याच ओसरीवर एका मंडळाचे कार्यकर्ते आले. कुठलं ते लिहीत नाही. मोबाइलवर मुंबईच्या मूर्तीचा फोटो दाखवला आणि म्हणाले, “काका, सेम टू सेम पाहिजे. हात असाच, मुकुट असाच.” काका हो म्हणाले, पोट आहे. भोसल्यांच्या काळापासून चिताऱ्यांची वस्ती असलेल्या गल्लीत उभं राहून आपण परगावचा फोटो पुढं करतो. त्या माणसाला नुसतं एवढं विचारा, काका, यंदा तुमच्या मनात काय आहे? आणि हे आषाढात विचारा. श्रावण संपता संपता ॲडव्हान्स घेऊन गेलात तर तो साच्यातलंच तोंड देणार, दुसरं काय देईल? साच्यातून निघालेल्या प्लॅस्टरच्या मूर्तीबद्दल तळ्यांच्या आणि पाण्याच्या बाजूनं पुष्कळ बोलून झालंय. माझं म्हणणं आखणीपुरतंच आहे. शंभर मूर्तींना एकच नजर असली तर एका चौकातून दुसऱ्या चौकात गणपती बघायला चालत जायचं कशाला?

माझ्या पोटापाण्याशी जवळची एक गोष्टही सांगून टाकते. देवीला खरी साडी नेसवायची असते तेव्हा काही मंडळं माझ्याकडे येतात. मातीच्या मूर्तीला साडी नेसवणं म्हणजे माणसाला नेसवण्यासारखं नाही. ती हात वर करत नाही, वळत नाही. निऱ्या आधी शिवून, मागून नाड्या लावून न्याव्या लागतात. काठ सिंहाच्या आयाळीत अडकतो. रंगही बघावा लागतो, कारण मंडपातल्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत लाल साडी काळपट दिसते. मी दरवेळी विचारते, दिवे कुठल्या रंगाचे लावणार? उत्तर एकच असतं, “काकू, ते लायटिंगवाल्याला माहीत.” तुमच्यापैकी एकानं तरी मूर्तिकार, लायटिंगवाला आणि मला एका संध्याकाळी एका ठिकाणी उभं करावं. चहा मी पाजते.

आणि ते फ्लेक्स. आमच्या भागात एका वर्षी पेंटरनं मंडपाच्या मागच्या कापडावर पावसाळी जंगल रंगवलं होतं. सागाची पानं इतकी खरी की त्यावर पाण्याचे थेंब आहेत का ते बघायला पोरं बोट लावत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या जंगलावर हार्दिक शुभेच्छांचा फ्लेक्स चढला. बारा जणांचे हात जोडलेले फोटो. पाहुणे येणार होते म्हणे. पाहुणे आले, गेले, फ्लेक्स विसर्जनापर्यंत तसाच. फ्लेक्स लावूच नका असं मी म्हणत नाही, तुमचीही गणितं असतात. प्रवेशद्वारावर लावा, बाहेर लावा. चित्रावर लावू नका.

डीजेबद्दल तुम्हाला वाटतं मी नाक मुरडणार. थोडं मुरडते. स्पीकरची ती भिंत दुकानापुढून जाते तेव्हा बरणीतली बटणं आपोआप जागा बदलतात. पण लहानपणीही भोंग्यावर सिनेमाची गाणी ठणाणा लागायची, तेव्हा काही सगळं सोज्वळ होतं असं नाही. माझी तक्रार निराळी आहे. डीजेत वाजवणारा माणूस दिसत नाही. आपल्या नागपूरची धुमाल बघा. ढोल, ताशा, बँजो, कीबोर्ड, घामानं भिजलेली पोरं. ताजबागच्या संदलपासून लग्नाच्या वरातीपर्यंत तेच हात. बँजोवाला खाली मान घालून टाइपरायटर चालवावा तशी बटणं दाबत असतो आणि मधेच ताशेवाल्याकडे बघून भुवई उडवतो, की ठेका फिरतो. ती भुवई मला बघायची असते. पोरगं घरी जाऊन पत्र्याच्या डब्यावर ताशा वाजवून बघतं. स्पीकरचं खोकं बघून ते काय वाजवणार? पैसा खर्च करणारच आहात तर वाजवणाऱ्या हाताला द्या. आवाज तिथंही मोठाच असतो, मान्य. तो सांभाळणं तुमचं काम.

मस्कऱ्या गणपतीवाल्यांना तर मी हक्कानं बोलणार. सगळा महाराष्ट्र पितृपक्षात शुभ काम टाळतो आणि आपल्याकडे त्याच पंधरवड्यात मस्कऱ्या, म्हणजेच हडपक्या गणपती बसतो, नावातच मस्करी. भोसल्यांच्या काळात सुरू झालेल्या या उत्सवात खडी गंमत (आपल्याकडचा तमाशाच म्हणा), लावणी, नकला हेच मुख्य होतं असं जुनी माणसं सांगतात. देवापुढं हसायची परवानगी असलेला उत्सव! तिथं आता बाकीच्यांसारखाच तोच भजनाचा कार्यक्रम आणि तेच सत्कार दिसायला लागले की जीव हळहळतो. एक नकलाकार बोलवा. मंडळाच्या अध्यक्षाचीच नक्कल करू द्या त्याला, बघा किती गर्दी होते.

मारबतवाल्यांना मात्र माझा नमस्कार. 1880 च्या दशकापासून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे मिरवणुकीनं निघतात, आणि सोबतच्या बडग्यांमध्ये अजून दम आहे. महागाई, खड्डे, पुढारी, सगळ्यांचे पुतळे, आणि वर “घेऊन जा गे मारबत!” त्या एका दिवशी इतवारीत जे दिसतं त्याला मी चित्रप्रदर्शनच म्हणते, फरक एवढाच की संध्याकाळपर्यंत सगळं जळून गेलेलं असतं. माझ्या दुकानातल्या चिंध्या बडग्यांच्या पोटात जातात. गेल्या काही वर्षांत मात्र बडग्या छोटे आणि त्यांच्या गळ्यातले बोर्ड मोठे व्हायला लागलेत. लिहून सांगावं लागलं तर पुतळा कशाला? नाक-डोळ्यांवरून ओळखू येऊ द्या.

तुमच्या बैठकीत बाया नसतात, हे मी मुद्दाम उशिरा लिहिते आहे, नाहीतर पहिल्या ओळीलाच पत्र बाजूला ठेवलं असतं. आमच्या वाट्याला रांगोळी स्पर्धा आणि हळदीकुंकू. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात. दारोदार जाऊन टिपऱ्या वाजवायच्या, गाणं संपलं की खिरापत ओळखायची, ओळखली नाही तर डबा उघडायचा नाही. आता मोजक्याच घरी उरलंय. ही गाणी माईकवर नेऊन त्याची स्पर्धा करू नका, मेहरबानी होईल. दुर्गोत्सवात एक संध्याकाळ माईक बंद ठेवून मंडपाची जागा पोरींना द्या. ऐकायचं असेल तर जवळ या, बसा.

पोरांना हेच लागतं, लोक जुनं बघत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. माझी नणंद ब्रह्मपुरीकडे दिलेली आहे. तिकडच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागात, दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई नावाची जत्रा भरते आणि रात्री नाटक. वडसा गावात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावातलं मंडळ तिथं जाऊन कंपनीशी करार करतं, तिकिटं विकतं, आणि थंडीत घोंगड्या पांघरून लोक पहाटेपर्यंत बसतात. तिकीट काढून, भाऊ! उत्तर नागपुरात इंदोऱ्याकडे 14 एप्रिलच्या सुमाराला जाऊन बघा. वामनदादा कर्डकांची गाणी पेटी-ढोलकीवर गाणारी माणसं अजून मंचावर बसतात, आणि पुढं बसलेल्या आज्या प्रत्येक कडव्याच्या आधी ओठ हलवतात. लोक बघतात. दाखवणारं कुणी लागतं.

तर माझी विनंती एकच, आणि ती तुम्हाला परवडेल अशी. यंदा एक रात्र पडदा लावा. गणपतीत पाऊस दगा देतो, म्हणून नवरात्र ते कोजागिरी यातली एखादी तारीख धरा. सातला सुरू करा म्हणजे दहाच्या आत संपेल; दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे आणि पोलिसांना तो पाठ आहे. पेनड्राइव्हमधला चोरीचा पिक्चर लावू नका, ज्याचा आहे त्याला विचारा. आपल्याच शहरातल्या पोरांनी केलेल्या लघुपटांपैकी एखादा आधी दाखवा. ती पोरं फुकट देतील आणि सगळ्या नातेवाइकांना घेऊन येतील. कुठला पिक्चर ते गल्लीत मतं घेऊन ठरवू नका. तुमच्यातल्या एका जाणत्यानं निवडावा आणि त्याच्या शिव्या त्यानं खाव्या.

पडद्याचं कापड मी देते. मांजरपाट, मोठ्या पन्ह्याचा, म्हणजे जोड कमी येतील. जोड आडवे घालीन, आत दुमडून दुहेरी शिलाई, दोन्ही बाजूंनी सपाट, कारण मागं बसणाऱ्यांनाही चेहरा धड दिसला पाहिजे. वरून-खालून बांबू जाईल एवढा नेफा ठेवते. चारी कोपऱ्यांना दोरीसाठी कड्या, आणि मधे हवेसाठी दोन चिरा, नाहीतर वाऱ्यानं फुगून फाटतो. शिलाई नको. मापं तेवढी दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस आणून द्या, नंतर माझ्याकडे ब्लाऊजची गर्दी असते. आणि मागच्या बाजूलाही दोन सतरंज्या टाका.

कळावे,
आपली,
एक फॉल-पिकोवाली, महाल, नागपूर